नेटवर्कमधली उपकरणं कधी बंद पडली, याची वर्षभराची नोंद कशी ठेवावी

कोल्हापूरजवळच्या शिरोली किंवा गोकुळ शिरगावच्या कारखान्यात राऊटर, दोन-तीन स्विच (नेटवर्कच्या केबली एकत्र जोडणारे डबे), कॅमेऱ्यांचं चित्रण साठवणारा डीव्हीआर आणि हजेरीचं मशीन एवढं तरी असतंच. 'नेट सारखं जातंय' एवढ्यावर कुणी दाद देत नाही, तारीख-वेळ दाखवावी लागते. तेवढ्यासाठी जुना पीसी किंवा रास्पबेरी पाय हा छोटा स्वस्त संगणक पुरतो.

आधी राऊटरमध्ये जाऊन प्रत्येक उपकरणाचा आयपी पत्ता (नेटवर्कमधला त्याचा क्रमांक) राखीव करा. नाहीतर बंद डीव्हीआरचा पत्ता उद्या एखाद्या मोबाईलला मिळेल आणि नोंदीत डीव्हीआर चालू दिसेल. विंडोजचे पीसी यादीत असतील तर त्यांच्या फायरवॉलमध्ये पिंगला, म्हणजे 'चालू आहेस का?' असं विचारणाऱ्या छोट्या संदेशाला, परवानगी द्या.

मग नोंद करणाऱ्या पीसीच्या लिनक्सवर एफपिंग हा अनेक उपकरणांना पिंग करणारा प्रोग्रॅम टाका आणि क्रॉन या ठरल्या वेळी काम चालवणाऱ्या सोयीतून दर मिनिटाला चालवा. प्रत्येक उपकरणाला तीन पिंग पाठवा, तिन्ही हुकले तरच 'बंद' लिहा. एखादा पिंग वाटेत हरवणं वायफायवर रोजचंच. ओळीत तारीख, वेळ, उपकरणाचं नाव, चालू की बंद आणि उत्तराला लागलेले मिलिसेकंद हवेत. वर्षाला एका उपकरणाच्या ५,२५,६०० ओळी होतात. ओळीला ४० बाइट धरले तरी एका उपकरणाचे वर्षाला २१ एमबीच.

'चालू'ची ओळही लिहायचीच, फक्त बिघाड लिहून भागत नाही. पावसाळ्यात वीज गेली आणि नोंद करणारा पीसीच बंद पडला, तर त्या वेळेत ओळच नसेल. ओळ नाही म्हणजे 'माहीत नाही', 'बंद' नव्हे. उपकरण किती टक्के वेळ चालू होतं हे काढताना ही मिनिटं हिशेबातून वगळा. पीसी आणि तो ज्या स्विचला जोडलाय तो स्विच, दोन्ही यूपीएसवर ठेवा. सगळी उपकरणं एकाच मिनिटाला 'बंद' दिसली, तर आधी याच स्विचची केबल तपासा.

यादीत आणखी दोन पत्ते घाला: इंटरनेट देणाऱ्याचा गेटवे (तुमची लाइन त्यांच्या नेटवर्कला जिथे जोडते ते उपकरण) आणि बाहेरचा एखादा पत्ता, उदाहरणार्थ गूगलचा ८.८.८.८. राऊटर उत्तर देतो पण हे दोन्ही देत नाहीत, तर बिघाड राऊटरच्या पलीकडे, बाहेरच्या लाइनवर आहे.

रास्पबेरी पाय ४ मध्ये बॅटरीवरचं घड्याळ नसतं. वीज परतली पण नेट नाही, अशा वेळी तो चुकीची वेळ लिहीत राहतो. डीएस३२३१ हे बॅटरीवरच्या घड्याळाचं मॉड्यूल जोडलं की हा घोळ मिटतो. नोंदी एसडी कार्डावर नको, एसएसडीवर ठेवा, कारण सततच्या लिखाणाने कार्ड झिजतं.

आलेखासाठी आरआरडीटूल (आरआरडी) हा आकडे साठवून आलेख काढणारा प्रोग्रॅम वापरलात तरी मूळ टेक्स्ट फाइल महिन्यावार जपून ठेवा. आरआरडी जुन्या आकड्यांची सरासरी करतं आणि पाच मिनिटांचा खंड त्यात विरून जातो.

अहवालात नुसती टक्केवारी देऊ नका. ९९ टक्के चालू म्हणजे वर्षाला ८७.६ तास बंद. रोज सुमारे १४ मिनिटं बंद असेल किंवा जुलैत सलग साडेतीन दिवसांहून थोडं जास्त, आकडा तोच येतो. म्हणून शेजारी किती वेळा बंद पडलं आणि सर्वांत मोठा खंड किती, हेही लिहा.