देवराईला जैवविविधता वारसा स्थळाचा दर्जा : गावाने प्रस्ताव कसा करायचा

2030पर्यंत पृथ्वीवरची किमान 30 टक्के जमीन आणि समुद्र संरक्षणाखाली आणायचा, असं डिसेंबर 2022 मध्ये माँट्रियलच्या जागतिक जैवविविधता परिषदेत ठरलं. एडवर्ड विल्सन यांच्यासारखे जीवशास्त्रज्ञ तर निम्मी पृथ्वी राखून ठेवा म्हणत होते. जंगलाचे तुकडे लहान आणि एकटे पडले की त्यातल्या प्रजाती एकेक करून संपतात, हे त्यामागचं कारण. नवं अभयारण्य करणं गावाच्या हातात नसतं. जैवविविधता कायदा 2002च्या कलम 37खालचं ‘जैवविविधता वारसा स्थळ’ मात्र गावाला मागता येतं. सिंधुदुर्गातली बांबर्डे-हेवाळेची मिरिस्टिका दलदल, म्हणजे रानजायफळाच्या झाडांची पाणथळ राई, असंच वारसा स्थळ आहे आणि ती जेमतेम अडीच हेक्टरची. आंबोलीला हिरण्यकेशीच्या उगमाजवळ ‘शिस्तुरा हिरण्यकेशी’ हा मासा नव्याने सापडला आणि तिथली 2.11 हेक्टर जागा 2021 मध्ये वारसा स्थळ झाली. त्यामुळे जागा लहान आहे म्हणून मागे राहू नका.

पहिलं काम सातबाऱ्याचं. देवराई कधी देवस्थानच्या नावावर असते, कधी वनविभागाच्या, कधी सामाईक. कोकणात एकेका सातबाऱ्यावर डझनावारी नावं असतात, त्यातले निम्मे खातेदार मुंबईत. प्रस्ताव अडकतात ते बहुतेक इथेच. म्हणून झाडं मोजायच्या आधी सातबारा, फेरफार आणि भूमी अभिलेख कार्यालयातून गटाचा नकाशा काढा. हद्दीचा वाद असेल तर सरकारी मोजणी करून घ्या. खातेदारांची संमती लेखी हवी. जमीन वनखात्याची असेल तर उपवनसंरक्षकांशी सुरुवातीलाच बोला.

मग हद्द. इथे घाई करू नका. झाडं दाट आहेत तेवढ्याचाच नकाशा काढायची सवय असते आणि ती महागात पडते. मिरिस्टिकाची झाडं वाहत्या पाण्याच्या चिखलात उभी असतात. त्यांची गुडघ्यासारखी वाकलेली मुळं चिखलातून वर येऊन श्वास घेतात. वरच्या अंगाला कुणी ओहोळ वळवला किंवा बोअर मारली, तर आतली कुऱ्हाडबंदी कितीही कडक असो, दलदल सुकते. म्हणून झऱ्याचा उगम आणि ओहोळाचे दोन्ही काठ हद्दीत घ्या. शेजारी जंगल असेल तर त्याला जोडणारी पट्टीही घ्या: मिरिस्टिकाच्या बिया धनेश पक्षी नेतात आणि त्यांना एवढीशी राई पुरत नाही. मोबाईलवरच्या जीपीएसची खूण दाट छताखाली बरीच सरकते. प्रत्येक कोपऱ्यावर थोडं थांबून दोन-तीनदा नोंद घ्या आणि ती गट नकाशाशी ताडून पाहा.

प्रजातींची नोंदणी किमान दोन हंगामांत हवी, एक पावसाळ्यात आणि एक उन्हाळ्यात. फक्त उन्हाळ्यात गेलात तर बेडूक, नेचे आणि भुईवरच्या वनस्पती यादीतून गळतात. झाडांसाठी 10 मीटर बाय 10 मीटरचे चौकोन आखा. चौकोन राईभर पसरलेले असू द्या, नुसत्या पायवाटेकडेचे नकोत. बुंध्याचा घेर जमिनीपासून 1.37 मीटरवर मोजा. आधारमुळं त्याहून वर गेली असतील तर ती संपतात तिथे, आणि तसं लिहून ठेवा. झुडपांना 5 बाय 5, भुईवरच्या वनस्पतींना 1 बाय 1 मीटर पुरे. नव्या चौकोनात नवी प्रजाती सापडेनाशी झाली की थांबा. फोटो पानाच्या दोन्ही बाजूंचा, सालीचा, फुलाचा आणि फळाचा घ्या. एकट्या पानावरून ओळख चुकते. शंका असलेले नमुने भारतीय वनस्पती सर्वेक्षणाच्या पुण्यातल्या केंद्राकडून तपासून घ्या. एक चुकीचं नाव सापडलं की सगळ्या यादीवरचा विश्वास जातो. दुर्मिळ ऑर्किड किंवा घरट्यांची नेमकी जागा सार्वजनिक प्रतीत टाकू नका.

गावाची स्वतःची माहिती लोकजैवविविधता नोंदवहीत जाते: कोणतं झाड कशासाठी वापरतात, पाणी कधी आटतं, कोणता पक्षी दिसेनासा झाला. ही नोंदवही ग्रामपंचायतीची जैवविविधता व्यवस्थापन समिती करते. समिती कागदावरच असेल तर आधी तिची बैठक लावा.

ग्रामसभेत पहिला प्रश्न ठरलेला असतो: ‘उद्या आम्हाला देवाला जायला परवानगी लागणार का?’ त्याचं उत्तर ठरावातच लिहा. राष्ट्रीय जैवविविधता प्राधिकरणाच्या मार्गदर्शक सूचनांनुसार वारसा स्थळामुळे गावाच्या चालत आलेल्या वहिवाटीवर बंधन येत नाही, गाव स्वतःहून ठरवील तेवढंच येतं. म्हणून जत्रा, पाणवठा, वाट यांची नावं घालून ती चालू राहतील असं लिहा. तोड, खोदकाम, नवं बांधकाम यांतलं काय थांबवायचं तेही लिहा. गट क्रमांक, क्षेत्र, उपस्थितांच्या सह्या आणि गणपूर्तीची नोंद नसेल तर ठराव परत येतो.

ठराव, नकाशा, प्रजातींची यादी, संमतीपत्रं आणि व्यवस्थापनाचा आराखडा असा संच नागपूरच्या महाराष्ट्र राज्य जैवविविधता मंडळाकडे पाठवा. अधिसूचना शेवटी राज्य सरकार काढतं.

आराखड्यात दोन गोष्टी विसरू नका. रानमोडी आणि घाणेरी ही बाहेरून आलेली, झपाट्याने पसरणारी झुडपं पावसाळ्यात माती भुसभुशीत असताना मुळासकट उपटायची. नुसती कापली तर दुप्पट फुटतात. आणि देवळाचा जीर्णोद्धार: सभामंडप, फरशी, गाडीरस्ता यांसाठी आतली जुनी झाडं पडतात. बांधकामाची कमाल हद्द आत्ताच मीटरमध्ये ठरवून नकाशावर आखून ठेवा.