निकेल क्लोराइड मागवायचंय? आधी हिरवं की पिवळं ते ठरवा

निकेल क्लोराइड म्हणजे लॅबमध्ये लागणारा निकेलचा एक क्षार, आणि त्यात सगळ्यात जास्त घोळ होतो तो वजन करताना. हिरवे खडे म्हणजे हेक्साहायड्रेट (खड्यात पाण्याचे सहा रेणू धरलेलं), मोलर मास म्हणजे एका मोलचं वजन २३७.६९ ग्रॅम, आणि पिवळी पावडर म्हणजे अनहायड्रस (बिनपाण्याचं), १२९.६० ग्रॅम, पण लेबलवर मोठ्या अक्षरात दोन्हीकडे निकेल क्लोराइडच. ०.१ मोलरचं (लिटरमागे ०.१ मोल) २५० मिली सोल्युशन करायला हिरवं ५.९४ ग्रॅम लागतं, तेवढंच पिवळं टाकलंत तर सोल्युशन जवळपास ०.१८ मोलर होऊन बसतं, आणि पाण्यात गेल्यावर दोन्ही हिरवेच दिसतात, म्हणजे नुसतं बघून काही कळणार नाही. म्हणून नावाखालचं बारीक अक्षरातलं वाचा, मोलर मास बघा, मगच वजनकाट्याकडे वळा.

प्रॅक्टिकल, कॉम्प्लेक्स बनवणं, प्लेटिंग अशा कामाला हेक्साहायड्रेट एआर ग्रेड (अ‍ॅनालिटिकल रिएजंट, लॅबच्या कामाइतकं शुद्ध) बास झालं. कॅटॅलिसिसचं (उत्प्रेरकाचं) बारीक काम असेल तर सर्टिफिकेटवर कोबाल्ट आणि लोखंड किती ते बघून घ्या. पाणी चालणारच नसेल तर सरळ अनहायड्रस विकत घ्या, हिरवं नुसतं तापवून पिवळं करू म्हणाल तर पाण्याबरोबर थोडा एचसीएलही (हायड्रोजन क्लोराइड वायू) निघून जातो आणि हातात बेसिक सॉल्टची (हायड्रॉक्साइड मिसळलेल्या क्षाराची) भेसळ राहते. थायोनिल क्लोराइडने नीट होतं, पण त्यात सल्फर डायऑक्साइड आणि एचसीएल दोन्ही सुटतात, थोड्या मालासाठी एवढा उपद्व्याप कशाला. आणि जुन्या कोटेशनवर बजेट बांधू नका. निकेलचा भाव कधी उसळेल सांगता येत नाही, ८ मार्च २०२२ ला लंडन मेटल एक्स्चेंजवर तो टनाला १ लाख डॉलरच्या वर गेला आणि ट्रेडिंगच थांबवावं लागलं होतं.

आता धोक्याचं. हिरवा रंग छान दिसतो म्हणून लोक बिनधास्त असतात, पण निकेलची संयुगं आयएआरसीने (कॅन्सर संशोधनाची आंतरराष्ट्रीय संस्था) १९९० मध्येच गट १ मध्ये टाकलीत, म्हणजे माणसात कॅन्सर करणारी, मुख्यतः श्वासातून गेली तर, फुप्फुस आणि नाकाच्या सायनसचा. गर्भालाही अपाय होऊ शकतो, त्यामुळे प्रेग्नंट असणाऱ्यांनी हे काम दुसऱ्याकडे द्यावं. खरी भीती कोरड्या धुळीची. बाटली दमट हवेत राहिली की खडे पाणी ओढून ढेकूळ होतात, मग कुणीतरी खलबत्ता काढतं, तेवढं मात्र करू नका. ढेकूळ तसंच पाण्यात विरघळवा आणि ईडीटीए (धातूला पकडून ठेवणारं रसायन) थेंबाथेंबाने घालून टायट्रेशन करा आणि सोल्युशनची स्ट्रेंग्थ काढा, शेवट रंगावरून दाखवणारा इंडिकेटर म्युरेक्साइड. वजन शक्यतो फ्यूम हूडमध्येच (हवा बाहेर खेचणाऱ्या कपाटात), पंख्याखाली अजिबात नाही.

कातडीचं वेगळंच. निकेलची अ‍ॅलर्जी एकदा बसली की सहसा आयुष्यभर जात नाही, नंतर साधं बकल किंवा कानातलं घातलं तरी खाज सुटते. नायट्राइल ग्लोव्हज घाला, डाग पडला की लगेच बदला, आणि तेच ग्लोव्हज घालून मोबाइल, दाराची कडी काही धरू नका. ओटा खरंच साफ झालाय का ते बघायची सोपी युक्ती आहे: कापसाच्या काडीवर डायमिथाइलग्लायऑक्झिम (निकेल ओळखायचं रसायन) आणि अमोनियाचे एकेक दोन थेंब घ्या आणि ओट्यावर घासा, काडी गुलाबी झाली तर निकेल अजून तिथंच आहे, परत पुसा. काट्याच्या पॅनखालची जागा तर हमखास गुलाबी येते, तिथं कुणी पुसतच नाही.

सोडियम बोरोहायड्राइडबरोबर (रिड्यूस करणारं रसायन) वापरणार असाल तर बोरोहायड्राइड थोडं थोडं टाका, हायड्रोजन जोरात सुटतो आणि काळा निकेल बोराइड खाली बसतो. तो फिल्टरवर कोरडा होऊ देऊ नका, पेट घेऊ शकतो.

वेस्ट सिंकमध्ये ओतायचं नाही, पाण्यातल्या जिवांना हे फार विषारी. सोडियम हायड्रॉक्साइड टाकून पीएच १० च्या आसपास न्या, पोपटी रंगाचा जेलीसारखा हायड्रॉक्साइड बसतो, तो गाळून हेवी मेटल वेस्टच्या डब्यात. इथं अमोनिया वापरू नका, निकेल निळं कॉम्प्लेक्स बनवून पाण्यातच राहतं, ईडीटीए असलेलं वेस्टही याच कारणाने वेगळ्या बाटलीत ठेवा. वरचं पाणीही डायमिथाइलग्लायऑक्झिमने तपासून घ्या, लाल साका आला तर अजून सोडियम हायड्रॉक्साइड लागणार.