कोंबडीची मान वाकडी झाली तर

मान पाठीकडे वळली, कोंबडी आभाळाकडे बघत मागे सरकू लागली, तर अनेकदा जीवनसत्त्व ई किंवा बी-१ कमी पडलेलं असतं. सोलापूरच्या उन्हाळ्यात पत्र्याखालचं खाद्य खवट होतं आणि त्यातलं ई नष्ट होतं. थोडंच आणा, सावलीत ठेवा. ई-कॅप्सूल टोचून तेल चोचीच्या कडेला थेंबथेंब द्या, मात्रा डॉक्टरांना विचारून. सोबत सेलेनियमसाठी उकडलेल्या अंड्याचा बलक (हो, कोंबडीला अंडं चालतं!), शिवाय बी-कॉम्प्लेक्स. तिला स्वतः खाता-पिता येत नाही, मानेला आधार देऊन भरवा. घाईनं पाणी ओतलं तर ठसका लागतो. सुधारायला आठवडेही लागतात. मात्र हिरवट विष्ठा, धाप दिसली किंवा बाकीच्याही आजारी पडल्या, तर राणीखेत या साथीच्या रोगाची शंका घ्या, वेगळी ठेवा आणि जनावरांच्या दवाखान्यात लगेच कळवा.