पाड्यावरच्या विहिरीत टीसीएल कसे टाकावे

शहापूर तालुक्यातील तानसा धरणाचे पाणी १८९२ पासून मुंबईला जाते आणि भातसाचेही जाते. त्याच तालुक्यातील अनेक पाडे मात्र उन्हाळ्यात टँकरची वाट पाहत असतात. तो टँकर बहुधा विहिरीतच रिता केला जातो. त्यामुळे पाणी कोठूनही आलेले असो, ते पिण्याजोगे करण्याचे काम विहिरीवरच करावे लागते. मूठभर टीसीएल, म्हणजे पाण्यातील जंतू मारणारी क्लोरीनयुक्त ब्लीचिंग पावडर, कोरडेच विहिरीत फेकण्याची पद्धत सर्रास दिसते. त्याने पाण्याला वास येतो, जंतू मरतीलच असे नाही.

प्रथम पाणी मोजावे. दोरीला दगड बांधून पाण्याची खोली आणि विहिरीचा व्यास मीटरमध्ये घ्यावा. व्यासाला व्यासाने, मग खोलीने आणि शेवटी ७८५ ने गुणले की लिटर मिळतात. तीन मीटर व्यासाच्या विहिरीत दोन मीटर पाणी असेल, तर ते सुमारे १४,००० लिटर भरते. हजार लिटरला अडीच ग्रॅम या हिशेबाने येथे ३५ ग्रॅम टीसीएल लागेल. टँकर ओतल्यावर खोली बदलते, म्हणून मोजणी पुन्हा करावी.

पावडर प्लास्टिकच्या बादलीत थोड्या पाण्यात कालवून लापशीसारखी करावी, मग बादली पाऊण भरून ढवळावी आणि दहा मिनिटे स्थिर ठेवावी. वरचे निवळ पाणी पोहऱ्यात घेऊन पोहरा विहिरीत सोडावा व तो वर-खाली हिसकत द्रावण सर्वत्र मिसळावे. तळाचा चुना विहिरीत टाकू नये, त्याने पाणी जड होते. हे काम संध्याकाळचे पाणी भरून झाल्यावर केलेले बरे, कारण निदान एक तास कोणी पाणी उपसता कामा नये.

तासाभराने जलसुरक्षकाकडून, म्हणजे गावातील पाण्याची देखरेख करणाऱ्या ग्रामपंचायतीच्या माणसाकडून, ओटी (ऑर्थोटोलिडीन) चाचणी करून घ्यावी. नळीतील विहिरीच्या पाण्यात ओटी द्रावणाचे थेंब टाकताच पिवळा रंग दिसला, तर क्लोरीन शिल्लक आहे. रंग आला नाही तर मात्रा वाढवून पुन्हा तासभर थांबावे. चाचणीचे पाणी विषारी असते, ते विहिरीपासून दूर ओतावे. रंग न येण्याचे कारण पुष्कळदा पावडरच असते: ग्रामपंचायतीच्या खोलीत उघडे पडलेले पोते कोकणच्या पावसाळी दमट हवेत आपला क्लोरीन गमावून बसते. म्हणून टीसीएल थोडे थोडे मागवावे आणि हवाबंद डब्यात, अंधाऱ्या कोरड्या जागी ठेवावे.

पाणी गढूळ असेल तर क्लोरीन गाळातच खर्ची पडतो. अशा वेळी घरी तुरटी फिरवून, निवळलेले पाणी दुहेरी फडक्यातून गाळून उकळावे. विहिरीच्या ओट्याला तडा असेल, तर धुण्याभांड्यांचे पाणी तेथूनच आत झिरपते आणि टीसीएलची सगळी मेहनत वाया जाते. तो तडा ग्रामपंचायत अधिकाऱ्यांना (पूर्वीचे ग्रामसेवक) जागेवर नेऊन दाखवावा आणि दुरुस्तीचा अर्ज लेखी देऊन पोच घ्यावी.