सातेरीच्या पेट्यांची पावसाळी तयारी (आणि ती रिकामी पोळी काढा!)

जांभळाचा मध काढून झाला की लोक मधमाश्यांच्या पेटीकडे फिरकत नाहीत, सगळी बोंब तिथूनच सुरू होते. हे महाबळेश्वर-जावळीकडच्या सातेरीवाल्यांसाठी (सातेरी म्हणजे आपली देशी पाळीव मधमाशी), मेलिफेराचं, म्हणजे परदेशी पाळीव माशीचं, गणित वेगळं.

मध काढताना खालच्या पिल्लांच्या कक्षातल्या मधाला हात लावू नका, वरचाही सगळा ओरबाडू नका. झाकणावर प्लॅस्टिक, प्लॅस्टिकवर दगड, सांगायला नको. पेटी दाराच्या बाजूला जरा झुकती ठेवा.

आता मेन काम, रिकामी पोळी काढा. जूनपासून फुलोरा नाही, राणी अंडी कमी घालते, माश्या घटतात आणि ज्या पोळ्यावर माश्या बसलेल्या नाहीत ते मेणकिड्याचं (पोळ्याचं मेण खाणाऱ्या पतंगाच्या अळीचं) घर होतं. गेल्या वर्षी मी साखरेचा पाक दिला, झाकाझाकी केली, सगळं केलं, फक्त हेच राहिलं. ऑगस्टात झाकण उचललं तर माशी एक नाही, चौकटींना पांढरी जाळी आणि तळपाटावर (पेटीच्या तळाच्या फळीवर) काळ्या लेंड्यांचा चुरा. सातेरी अशा घरात थांबत नाही, उठून जाते. वर्षाला पेटीमागे पाच-दहा किलो मध मिळणार, त्यात वसाहतच गेली तर पुढचा हंगाम नवी धरण्यातच जातो. म्हणून माश्यांनी झाकलेली पोळीच ठेवायची, मग तीन उरोत नाहीतर चार. काढलेल्यातली काळी जुनी वितळवून मेण करा, चांगली बंद खोक्यात गंधकाच्या धुरीत ठेवा, पण गंधकाने अंडी मरत नाहीत, म्हणून काही दिवसांनी परत धुरी. तळपाट दर आठवड्याला खरवडा, तिथे पडलेला मेणाचा चुरा अळीचं खाणं आहे.

पाक साखर-पाणी निम्मं निम्मं, संध्याकाळी, सगळ्या पेट्यांना एकाच दिवशी. दिवसा दिलात, सांडलात तर शेजारच्या पेटीतल्या माश्या लुटायला येतात, मग मारामारी. बाजारातला मध पाजू नका, रोग येतो त्यातनं.

स्टँडच्या पायाखाली पाण्याच्या वाट्या ठेवतो आपण, पण त्यात एक पान पडलं तरी मुंग्यांना पूल मिळतो, रोज बघा.

पिल्लं पिशवीसारखी फुगून मरत असतील तर ते थाई सॅकब्रूड, विषाणूचा रोग, १९९१-९२ ला दक्षिणेत सातेरी साफ केली होती त्यानं. औषध नाही, पेटी वेगळी करा, तिची पोळी दुसरीकडे घालू नका.

उघडीप मिळाली की पेटी उघडा, पाऊस असेल तर नको. परत माश्या कमी दिसल्या? परत पोळं काढा, एकदा काढलं म्हणून सुटलात असं नाही.

गणपतीनंतर फुलं दिसायला लागली की पाक बंद, पोळी एकेक करून परत द्या, आधी उजेडात धरून जाळी नाही ना बघा. बाकी तेव्हाचं तेव्हा.