डबलबारी, शक्ती-तुरा, बेंजो: गावाकडच्या जुन्या कॅसेट संगणकावर कशा घ्याव्यात

सिंधुदुर्गातल्या डबलबाऱ्या (दोन भजनी बुवांमधली जुगलबंदी), रत्नागिरीकडचे शक्ती-तुऱ्याचे म्हणजे शाहिरांच्या सवाल-जवाबांचे सामने, जत्रेतली रात्रभर चालणारी दशावतारी नाटकं, रायगडच्या हळदींतल्या बेंजो पार्ट्या. यातलं फारच थोडं कुठल्या कंपनीनं बाजारात आणलं. बाकीचं मंडळातल्या कुणीतरी स्टेजच्या कडेला टेपरेकॉर्डर ठेवून भरून घेतलेलं असतं. दशावतारात संवाद लिहिलेले नसतात, नट ते उभ्याउभ्या रचतात. म्हणजे कॅसेट गेली की तो प्रयोगही गेला.

अशी कॅसेट एकदाच नीट वाजणार आहे असं धरून चालावं. 'आधी ऐकून बघू, मग भरू' हे इथे नको. पहिल्यांदा वाजेल तेव्हाच संगणकावर रेकॉर्डिंग चालू पाहिजे, आणि त्याआधीची सगळी तयारी झालेली पाहिजे.

कॅसेटची तपासणी

हे काम दिवाळी ते मे एवढ्याच काळात करावं. पावसाळ्यात किनाऱ्यावर हवेतली आर्द्रता ८० टक्क्यांच्या वर राहते, आणि ६५-७० टक्क्यांपुढे बुरशी फोफावते. कॅसेटच्या खिडकीतून टेपच्या गुंडाळीकडे तिरक्या उजेडात बघा. कडेवर पांढुरके ठिपके किंवा पावडर दिसली तर ती बुरशी. अशी कॅसेट डेकमध्ये घालायची नाही. तिचे कण हेडला (टेपवरचा आवाज वाचणारा डेकमधला भाग) आणि टेप ओढणाऱ्या रोलरला लागतात आणि पुढच्या चांगल्या कॅसेटवर उतरतात.

बुरशीवाली कॅसेट पापडासारखी उन्हात टाकू नये, कवच वाकतं. हवाबंद डबा घ्यावा. दहा लिटरच्या डब्यात वीसेक कॅसेट आणि पाव किलो सिलिका जेल, सोबत आर्द्रता दाखवणारा छोटा डिजिटल मीटर. आकडा ४० टक्क्यांखाली येऊन दोन आठवडे तिथेच राहिला की बुरशी सुकते आणि वाढायची थांबते. मग घराबाहेर, एन-९५ मास्क लावून, मऊ ब्रशनं हलकेच झाडायची. निळं जेल गुलाबी झालं की ओलावा भरला असं समजावं. ते १२० अंशांवर तापवून पुन्हा वापरता येतं, पण निळ्या जेलमध्ये कोबाल्ट असतं, तेव्हा स्वयंपाकाची कढई वापरू नका. डब्यात डांबरगोळ्याही टाकायच्या नाहीत. त्यांच्या वाफेनं कॅसेटची पारदर्शक डबी मऊ पडते, चिकट होते.

खाऱ्या हवेनं स्क्रू गंजतात, आणि टेपला हेडवर दाबून धरणाऱ्या गादीमागची पट्टी हिरवी पडते. ही फेल्टची छोटी गादी गळून पडलेली असणं हे जुन्या कॅसेटचं नेहमीचं दुखणं. गादी नसेल तर आवाज दबका येतो, मधूनमधून जातो. उपाय म्हणजे त्याच लांबीची चांगली, पाच स्क्रूंची रिकामी कॅसेट घेऊन टेपच्या दोन्ही चकत्या तिच्यात बदलणे. स्क्रू नसलेलं, चिकटवलेलं कवच पातळ पात्यानं शिवणीवरून उकलावं लागतं. ते तुटलं तरी चालेल, टेपला पातं लागता कामा नये. टेप तुटली असेल तर कॅसेटसाठीची स्प्लायसिंग टेपच वापरा. साध्या सेलोटेपचा गोंद उन्हाळ्यात पाझरतो आणि शेजारचे वेढे चिकटवतो.

सी-९० ची (म्हणजे ९० मिनिटांच्या कॅसेटची) टेप साधारण १२ मायक्रॉन जाड असते, सी-१२० ची ९ च्या आसपास. रात्रभराच्या नाटकासाठी लोक सी-१२० घ्यायचे, आणि नेमक्या त्याच आज गुंततात. तेव्हा आधी षटकोनी पेन्सिलीनं दोन्ही बाजूंना चार-पाच वेढे हातानं फिरवून बघा. अडतंय असं वाटलं तर जोर लावू नका, कॅसेट तळहातावर सपाट आपटा आणि पुन्हा फिरवा. मागच्या कडेचे दोन्ही प्लास्टिकचे कान मोडून टाका, म्हणजे चुकून वर काही भरलं जाणार नाही. कुणी तिथे चिकटपट्टी लावली असेल तर ती काढा.

डेक आणि जोडणी

कॅसेट घालून थेट यूएसबीला लावायची स्वस्त यंत्रं मिळतात. या कामाला ती घेऊ नयेत, त्यांचा वेग डगमगतो आणि हार्मोनियमचा लांब सूर थरथरतो. जुना चांगला डेक मिळवा आणि आतले रबरी बेल्ट आधी बदला. आपल्या हवेत ते डांबरासारखे वितळून पुलीला चिकटलेले असतात. हेड आणि टेप पुढे ओढणारी धातूची कॅपस्टन दांडी ९९ टक्के आयसोप्रोपिल अल्कोहोलनं पुसा. रबरी रोलरला कोमट पाणी आणि थेंबभर भांडी घासायचा साबण पुरतो. दर दोन-तीन कॅसेटींनंतर पुन्हा पुसा, बुरशी असलेल्या प्रत्येक कॅसेटनंतर तर नक्कीच.

डेकच्या लाइन-आउटमधून साउंड इंटरफेसच्या (संगणकाला आवाज पोचवणारी यूएसबीची छोटी पेटी) लाइन-इनमध्ये जायचं. लॅपटॉपच्या माइकच्या भोकात नाही, तिथे आवाज आपोआप वरखाली होतो आणि बहुधा एकच चॅनेल मिळतं. पन्नास हर्ट्झची घुरघुर ऐकू आली तर लॅपटॉपचा चार्जर काढून बॅटरीवर चालवून बघा. डेकवरचं डॉल्बी (टेपची सरसर कमी करणारं बटण) बंद ठेवा. घरगुती मोनो टेपरेकॉर्डरवर ते नसायचंच, चालू केलं तर झांजेची धार जाते.

रेकॉर्डिंगसाठी ऑडॅसिटी हे सॉफ्टवेअर फुकट आहे आणि पुरेसं आहे. ९६ किलोहर्ट्झ, २४ बिट, स्टीरिओ, डब्ल्यूएव्ही. एका तासाला सुमारे २ जीबी जागा लागते. कॅसेटची प्रत्येक बाजू वेगळ्या फाइलमध्ये ठेवा, कारण साधी डब्ल्यूएव्ही फाइल ४ जीबीपुढे जात नाही. पातळी अशी लावा की पखवाजाची सर्वांत मोठी थाप उणे ६ ते उणे १० डेसिबलच्या मध्ये येईल. कमी पडली तर नंतर वाढवता येते, वरचं टोक कापलं गेलं तर परत येत नाही.

अझिमथ: सगळ्यांत जास्त फरक इथे पडतो

ज्या रेकॉर्डरवर बारी भरली त्याचं हेड थोडं तिरकं असणार, आणि तुमच्या डेकचं हेड तेवढंच तिरकं असण्याचा संभव कमी. हेडचा हा कोन म्हणजे अझिमथ. दोघांचा कोन जुळला नाही तर वरचे स्वर, म्हणजे झांज, घुंगरू, शब्दातले 'स' आणि 'श', घोगरे होतात. लोक याला 'जुनी टेप आहे, आवाज असाच येणार' म्हणतात आणि मग संगणकावर ट्रेबल वाढवत बसतात. हेडच्या एका बाजूला स्प्रिंगवर बसलेला छोटा स्क्रू असतो, बहुधा रंगाचा थेंब लावून पक्का केलेला. त्याची मूळ जागा खूण करून ठेवा. चुंबकत्व नसलेला स्क्रूड्रायव्हर घ्या. दोन्ही चॅनेल एकत्र, मोनोमध्ये हेडफोनवर ऐका आणि स्क्रू एका वेळी आठवा भाग फेरा फिरवा. झांज जिथे सर्वांत लख्ख वाजेल तिथे थांबा. हे रेकॉर्डिंग चालू ठेवूनच करा. कॅसेट धडधाकट असेल तर मागे घेऊन पहिल्यापासून भरा. नाजूक असेल तर तशीच पुढे जाऊ द्या, सुरुवातीचा मिनिटभर घोगरा राहिला तरी हरकत नाही. प्रत्येक कॅसेटला, कधीकधी प्रत्येक बाजूला, हे नव्यानं करावं लागतं.

मोनो रेकॉर्डिंग असलं तरी भरायचं स्टीरिओतच. टेपच्या एका कडेला चुरगळा असेल तर दुसऱ्या चॅनेलवर तोच भाग स्वच्छ मिळतो.

वेग

बॅटरीवर चाललेल्या रेकॉर्डरचे सेल उतरत गेले की टेप हळू फिरते, आणि आज बरोबर वेगानं वाजवल्यावर बुवांचा आवाज चढत जातो. कॅसेटच्या शेवटी दशावतारातला राक्षस पोरासारखा बोलायला लागला तर कारण हेच.

वेग ठरवायला दोन खुणा आहेत. पहिली हार्मोनियम. बुवा काळी एकला गायचे हे ठाऊक असेल तर षड्ज २७७ हर्ट्झच्या आसपास, किंवा त्याच्या निम्म्यावर, मिळायला हवा. २९४ मिळाला तर टेप अर्ध्या स्वरानं वर आहे, वेग ५.६ टक्के कमी करा. दुसरी खूण विजेच्या घुरघुरीची. ऑडॅसिटीत स्पेक्ट्रम (कुठल्या हर्ट्झवर आवाज किती, याचा आलेख) ६५५३६ आकारावर काढून १५० हर्ट्झच्या, म्हणजे विजेच्या पन्नासच्या तिपटीच्या, आसपासचं टोक बघा. ते १५९ वर असेल तर वेग तेवढाच जास्त आहे. मात्र टेप थांबवून तुमच्या डेकची स्वतःची घुरघुर आधी ओळखून घ्या. आणि जत्रा जनरेटरवर झाली असेल तर ही खूण सोडून द्या, जनरेटर ५० वर टिकत नाही. हळूहळू चढत गेलेला वेग ऑडॅसिटीच्या 'स्लायडिंग स्ट्रेच'नं उतरवता येतो.

हे सगळं प्रतीवर. मूळ भरलेल्या फाइलला हात लावायचा नाही. नॉइज रिडक्शन तर जपूनच, ६ डेसिबलच्या पुढे गेलात की झांज पाण्याखालून वाजल्यासारखी येते. बेंजो पार्टीच्या टेपवर आवाज फाटलेला आणि खालीवर होणारा मिळेल. तो रेकॉर्डरच्या स्वयंचलित पातळीचा परिणाम आहे, त्यामागे फार लागू नका.

नावं, नोंदी, प्रती

बक्षिसांच्या घोषणा, देणगीदारांची यादी, हरवलेल्या पोराची हाक कापू नका. वर्ष, वाडी आणि पखवाजावर कोण बसलंय हे पुष्कळदा तिथेच कळतं. कॅसेटचं लेबल आणि आतल्या कागदाच्या दोन्ही बाजूंचा फोटो घ्या. फाइलचं नाव एकाच पद्धतीनं द्या: १९९४_मालवण_डबलबारी_कॅसेट-१२_बाजू-अ. वर्षाचा अंदाज असेल तर नावातच 'अंदाजे' लिहा.

प्रती तीन. एक हार्ड डिस्क गावात, दुसरी वेगळ्या कंपनीची मुंबईतल्या चाकरमान्याकडे, तिसरी प्रत क्लाउडवर. पेनड्राइव्ह साठवणीसाठी नाही. प्रत्येक फाइलचा एसएचए-२५६ चेकसम (फाइल जराही बदलली तर बदलणारा आकडा) काढून मजकुराच्या फाइलमध्ये ठेवा, आणि गणपतीला डिस्क गावी आली की दोन्हीकडचे आकडे ताडून बघा. व्हॉट्सअ‍ॅपवर द्यायची एमपी३ वेगळी करा आणि ती डॉक्युमेंट म्हणून पाठवा. कॅसेट फेकायची नाही. एका टोकापर्यंत गुंडाळून, उभी, सिलिका जेलच्या डब्यात.

यूट्यूबवर टाकण्याआधी बुवा, शाहीर किंवा त्यांच्या घरच्यांना विचारा, आणि होकार लेखी किंवा फोनवर भरून घ्या. भारतीय कायद्यात सादरकर्त्याचा हक्क प्रयोगाच्या पुढच्या वर्षापासून ५० वर्षं चालतो, म्हणजे ऐंशीच्या दशकातली बारीही अजून त्यात येते. डबलबारीत समोरच्या बुवाला दिलेले टोमणे आणि वैयक्तिक चिमटे त्या रात्रीच्या मंडपापुरते होते. संग्रहात ते तसेच राहू द्या, पण जाहीर करायच्या प्रतीबद्दल दोन्ही बाजूंना विचारावं लागेल.