श्वासनलिकेत स्टेंट बसवलेल्या रुग्णाचा कफ घरी कसा सांभाळावा

कर्करोगाच्या गाठीने मुख्य श्वासनलिका आतून बुजत आली किंवा बाहेरून दाबली गेली, की ती उघडी ठेवण्यासाठी दुर्बिणीतून सिलिकॉनचा किंवा धातूच्या जाळीचा स्टेंट, म्हणजे आतून आधार देणारी छोटी पोकळ नळी, बसवतात. दम लागणे कमी होते. मूळ आजाराचे उपचार मात्र डॉक्टर सांगतील तसेच चालू ठेवावे लागतात.

घरी आणल्यावर औषधे वेळेवर द्यावीत, धूर आणि तंबाखू घरातून हद्दपार करावी.

खरी कसोटी कफाची आहे. श्वासनलिकेच्या अस्तरावरील सूक्ष्म केस कफ सतत वर ढकलत असतात. स्टेंटने झाकलेल्या जागी ते काम थांबते, कफ तिथेच साचतो आणि वाळून वाट अडवतो. माझ्या थोरल्या काकांना स्टेंट बसवला तो परळीतला एप्रिल होता. त्यांना बरे वाटते म्हणून आम्ही नेब्युलायझर, म्हणजे औषधाचे बारीक तुषार करून श्वासावाटे देणारे यंत्र, बाजूला ठेवले आणि पातेल्यातला वाफारा देत राहिलो. तिसऱ्या रात्री श्वास आत घेताना करवत चालवल्यासारखा आवाज येऊ लागला आणि दुर्बिणीतून डिंकासारखा घट्ट, पिवळट गोळा काढावा लागला. त्यानंतर परिचारिका म्हणून मी अनेक घरांत ही सेवा केली आहे, आणि ‘बरे वाटते तर कशाला?’ हा सल्ला जिथे ऐकते तिथे तो तत्काळ खोडून काढते.

डॉक्टरांनी जितक्या वेळा लिहून दिले असेल, बहुधा दिवसातून दोन-तीन वेळा, तितक्या वेळा ०.९ टक्क्यांचे निर्जंतुक सलाइन नेब्युलायझरमधून द्यावे. बोअरचे पाणी, घरी केलेले मिठाचे पाणी किंवा निलगिरीचे थेंब त्यात कदापि घालू नयेत. रुग्णाला ताठ बसवून तोंडात धरायची नळी ओठांनी घट्ट धरायला सांगावी आणि तुषार संपेपर्यंत सावकाश श्वास घेऊ द्यावा. मग जोराने खोकायला लावू नये. मध्यम श्वास घेऊन, तोंड उघडे ठेवून, आरशावर वाफ सोडावी तसा ‘ह्ह’ करीत श्वास दोन-तीनदा बाहेर टाकायला सांगावे. कफ वर सरकला की एकच खोकला पुरतो. खोकला दाबणारे औषध डॉक्टरांना विचारल्याशिवाय देऊ नये, कारण तो खोकलाच कफ बाहेर काढतो. नेब्युलायझरचा औषध भरायचा कप प्रत्येक वेळी धुऊन, उकळून गार केलेल्या पाण्याने विसळून पूर्ण वाळवावा. वीज जाणाऱ्या गावांत बॅटरीवर चालणारे यंत्रच घ्यावे.

श्वास घेताना आवाज येऊ लागला, एक वाक्य सलग बोलता येईना, ओठ निळसर पडले किंवा खोकल्यातून रक्त आले, तर घरगुती उपाय न करता १०८ वर फोन करावा. किनवटसारख्या ठिकाणाहून मोठे रुग्णालय काही तासांच्या अंतरावर असते, म्हणून सकाळची वाट पाहू नये. स्टेंटचा प्रकार, लांबी, व्यास, जागा आणि तारीख लिहिलेला कागद रुग्णाच्या खिशात कायम असावा आणि घशात नळी घालण्यापूर्वीच तो डॉक्टरांच्या हाती द्यावा, कारण आत न पाहता घातलेल्या नळीने स्टेंट जागचा सरकू शकतो.